रविवारी संध्याकाळी मेस बंद

आमच्या पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'मेस बंद' आहे. पुण्यात शिकायला राहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आठवड्याची १४ जेवणं, त्यातली १३ मेसमध्ये. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेसच्या मावशींना सुट्टी. त्या एका संध्याकाळी जेवायचं काय, हा तेव्हा आमच्यापुढचा आठवड्यातला सगळ्यात मोठा प्रश्न असायचा. त्याहून मोठे प्रश्न आयुष्यात पुढे बरेच आले, पण तितक्या आनंदानं पाच डोकी एकत्र येऊन सोडवलेला प्रश्न दुसरा आठवत नाही.

२००० च्या जूनपासून २००३ च्या मेपर्यंत आम्ही कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या मागच्या अंगाला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, एक मोरी आणि दोन्ही खोल्या मिळून होईल त्याहून मोठी गच्ची. भाडं ३००० रुपये, म्हणजे माणशी ६००. खाली मालक काका-काकू. पाणी सकाळी सहाला यायचं आणि साडेसातला जायचं, म्हणून ज्याची पाळी असेल त्यानं उठून पिंप भरायचं. खोलीत तीन कॉट होत्या. दोघांनी जमिनीवर गाद्या टाकायच्या, आणि दर महिन्याला अदलाबदल. लातूर मात्र कॉट घ्यायचा नाही आणि खोलीतही झोपायचा नाही. तो गच्चीवर झोपायचा, डिसेंबरच्या थंडीतसुद्धा, दोन घोंगड्या घेऊन.

गावाच्या नावानंच हाक मारायची आमची पद्धत होती. लातूर, अकोला, सांगली, कुडाळ आणि मी नंदुरबार. मी खरं तर शहाद्याचा. पण नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला, त्यामुळे पहिल्या वर्षी प्रत्येकाला "धुळ्याच्या पुढे" असं सांगून सांगून मला जिल्ह्याचं नाव कुणाच्या तरी तोंडी ऐकायची हौस होती. मीच म्हटलं, मला नंदुरबार म्हणा.

तो सबंध काळ एका कॅसेटभोवती गुंडाळलेला आहे. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा 'कंदिसा'. २००० सालीच आलेला, एकूण सात गाणी. त्याबद्दल लिहायचं गेली कित्येक वर्षं मनात होतं. पण त्याआधी आमच्या बोलण्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या कॅसेटनं आमचं काय केलं ते कळणार नाही.

पहिल्या वर्षी एका तोंडी परीक्षेत मी भरभर उत्तर देताना घरची अहिराणी मध्येच आली. "मना जर्नल मी दी टाकं" असं काहीतरी बोलून गेलो. समोरचे सर हसले आणि म्हणाले, आधी मराठी शिकून या, मग इंजिनिअरिंग. मागे उभी असलेली मुलंही हसली. त्या दिवसापासून मी पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागलो. घरी फोन करायला एसटीडी बूथवर गेलो की आधी काचेचं दार ओढून घ्यायचो, मग आईला "जेवनी का तू" म्हणायचो. अकोल्याचंही तेच. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' त्यानं जिभेवरून पुसून टाकलं होतं. कुडाळ तर फोनवर मालवणी बोलायचंच टाळायचा. म्हणजे आम्ही घर घेतलं तेव्हा पाच जिल्ह्यांतली पाच मुलं एकसारखी बोलत होती. आता मागे वळून पाहताना त्या घरातले पहिले दोन महिने मला याचमुळे नीट आठवत नसावेत. कोण काय बोललं ते लक्षात राहण्यासारखं कुणी बोलतच नव्हतं.

टेपरेकॉर्डर लातूरचा, फिलिप्सचा टू-इन-वन. गाण्यांवर राज्य कुडाळचं. त्याच्या उशाला मेटालिका आणि आयर्न मेडन या परदेशी रॉक बँडच्या कॅसेटी रचलेल्या असायच्या. भिंतीवर त्यांचीच पोस्टरं. त्याच्याकडे एक जुनी गिटार होती, तिची सर्वांत वरची तार कायम ढिली. बाकी आम्ही जुनी हिंदी गाणी ऐकणारे. भांडण व्हायचं नाही, पाळ्या ठरलेल्या होत्या.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी लातूर डेक्कनवरून परत आला तो ही कॅसेट घेऊन. दुकानात लावली होती, तो दाराशी उभा राहून पूर्ण एक बाजू ऐकत राहिला आणि खिशात होते त्यातले ६५ रुपये देऊन घेऊन आला. महिनाअखेर होती. मेसचे पैसे द्यायचे होते. लातूर पैशाच्या बाबतीत अतिशय काटेकोर, त्यामुळे त्यानं असं काही केलं म्हणजे ते ऐकलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटलं. त्या संध्याकाळी मेस बंद, शिवाय वीज गेलेली. टेपमध्ये सहा मोठे सेल घातले आणि गच्चीवर सतरंजी टाकून बसलो.

नावाचं गाणं लागलं, 'कंदिसा'. त्या गाण्याची सुरुवात इतकी संथ आहे की ते कुठून आत आलं ते समजत नाही. मग एका आवाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा चढत जातो. खालून राहुल रामचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार, जमिनीसारखा पसरलेला. असीम चक्रवर्ती हा माणूस तबला वाजवता वाजवता गायचा. हातात ठेका आणि गळ्यात सूर, दोन्ही एकाच श्वासातून. ड्रमवर अमित किलम, गिटारवर सुस्मित सेन. बोलांतला एक शब्द कुणाला कळत नव्हता. कानडी असेल, तमिळ असेल, संस्कृतच असेल, असे तर्क झाले. गाणं संपलं आणि अकोला, ज्यानं सबंध वर्षात वऱ्हाडीचा एक शब्द उच्चारला नव्हता, तो उताणा पडल्या पडल्या म्हणाला, "मले काही समजून नाही राह्यलं, पण मस्त वाटून राह्यलं."

कुणी हसलं नाही. कुडाळनं हात लांब करून कॅसेट मागे फिरवली आणि हळूच म्हणाला, "ह्या खयचा गाणा?"

त्याचं उत्तर महिन्याभरानं मिळालं. आमच्या वर्गात कोट्टायमचा एक मुलगा होता. तो वर्कशॉपचं जर्नल न्यायला आला होता आणि टेप चालू होता. तो दारातच थांबला. चप्पल काढत होता, तो एक पायात आणि एक हातात तसाच उभा राहिला. गाणं संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, हे आमच्या चर्चमध्ये म्हणतात. माझी आजी म्हणते. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची ती प्राचीन प्रार्थना आहे, भाषा सुरियानी, म्हणजे अरामी भाषेचंच एक रूप, आणि 'कंदिसा'चा अर्थ पवित्र. त्याला स्वतःलाही सगळे शब्द कळत नव्हते. "आमच्या आजीलाही कळत नसतील," तो म्हणाला, "पण ती चुकत नाही." समुद्र ओलांडून शतकानुशतकांपूर्वी केरळच्या किनाऱ्याला लागलेली एक भाषा, म्हणणाऱ्यांना पूर्ण न कळतासुद्धा गळ्यागळ्यातून टिकते आणि दिल्लीची चार माणसं ती गिटार-तबल्यावर घेतात. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. माझी भाषा तर माझ्या आईला कळत होती, आणि मी काचेचं दार लावून घेत होतो.

आता 'मा रेवा'.

ते गाणं पहिल्याच रात्री लागलं होतं. इतरांना ते सोपं, गोड लोकगीत वाटलं. मी मात्र उठून बसलो. रेवा म्हणजे नर्मदा. तुझं पाणी निर्मळ, खळखळ वाहत जातं, एवढंच साधं म्हणणं आहे त्या गाण्यात. पण ते ज्या बोलीत आहे तिचा सूर माझ्या ओळखीचा होता. आमच्या गल्लीतल्या गुजर घरांत, डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या पावरा बायकांच्या बोलण्यात असलाच हेल मी लहानपणापासून ऐकला होता. पुण्यात आल्यापासून माझ्या भागातलं काही मी कुठल्या टेपवर, टीव्हीवर, पुस्तकात पाहिलं-ऐकलं नव्हतं. आणि ते इथे बेस गिटारवर, ड्रमवर, एवढ्या डौलानं चाललं होतं.

"हे आमचं आहे," मी म्हणालो.

"तुमचं म्हणजे? नर्मदा मध्य प्रदेशात ना?" सांगलीनं विचारलं.

मग मी सांगायला लागलो. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नर्मदेचा ५४ किलोमीटरचा काठ महाराष्ट्राला लाभलाय, तो सगळा आमच्या जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. १९८७ पासून सात वर्षं त्यांची नेमणूक धडगावच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर होती. शहाद्याहून घाटातली एसटी धडगावपर्यंत, तिथून पुढे पायी. १९९० च्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांचा असताना ते मला घेऊन नदीपर्यंत उतरले होते. सकाळी निघालो, टेकड्या चढत-उतरत दुपार कलली तेव्हा खाली हिरवं पाणी दिसलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या घरी राहिलो. मक्याची भाकरी, लाल मिरचीची चटणी आणि नदीतला मासा. रात्री वाळूवर झोपलो आणि पाण्याचा आवाज सबंध रात्र चालू होता. दादा म्हणाले होते, नीट पाहून घे, पुढे ही वाळू राहील का सांगता येत नाही.

हे सगळं मी त्या गच्चीवर अंधारात सांगितलं, आणि सांगता सांगता कधी अहिराणीत गेलो मला कळलं नाही. मध्येच थांबलो तर लातूर म्हणाला, "थांबू नको. कळतंय."

राहुल रामबद्दल नंतर वाचनात आलं. हा माणूस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांच्या शास्त्रात पीएचडी करून परत आला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं, नर्मदेवरच्या धरणाला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. म्हणजे 'मा रेवा' त्यानं कुठल्या संग्रहातून उचललेलं नव्हतं. ज्या डोंगरांत दादा पाटीवर अ, आ, इ गिरवून घेत होते, त्याच खोऱ्यात तोही त्याच वर्षांत हिंडत होता. दोघे कधी समोरासमोर आले असतील का, असा विचार मी फार वेळा केलाय. दादांना विचारलं तर म्हणतात, तेव्हा दाढीवाली, झोळीवाली पुष्कळ मुलं यायची, नावं कुठे विचारणार.

१८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोन विरुद्ध एक अशा मतानं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची उंची ९० मीटरपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली, पुढची वाढ टप्प्याटप्प्यानं. मी संध्याकाळी बूथवर जाऊन घरी फोन लावला. दादा नेहमी "पैसे पुरतंस ना, अभ्यास कर" एवढंच बोलणारे. त्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांची नावं घेतली. एकेक नाव, आणि त्याचं घर कुठल्या अंगाला होतं ते. अंगण कसं होतं, आंबा कुठे होता. मीटर पडत होता आणि मी मध्ये बोललो नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दार उघडंच राहिलं होतं आणि बाहेर रांगेत उभी असलेली माणसं ऐकत होती. त्यानंतर मी ते दार कधी लावलं नाही.

घरी आलो तर सांगलीनं चहा केला होता. कुडाळनं न विचारता टेपमधली आपली कॅसेट काढून 'मा रेवा' लावलं. कुणी काही समजावलं नाही, धीर दिला नाही. पाच जण भिंतीला टेकून बसलो आणि ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती कॅसेट मी घरी नेली. शिवाजीनगरहून शहाद्याची रातराणी. सकाळी उतरलो तेव्हा पिशवीत फराळासाठी चितळ्यांची बाकरवडी आणि ही एक कॅसेट. आमच्याकडे एक जुना टेप होता, ज्यावर आई भजनं ऐकायची. दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी काही न सांगता गाणं लावलं. त्यांनी पेपर खाली घेतला. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. आमच्या दादांना संगीताचा काही शौक नाही, लग्नाच्या बँडलासुद्धा ते कान देत नाहीत. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "आखो एकदाव लाव." पुन्हा लावलं. मग म्हणाले, असली गाणी परिक्रमेची माणसं म्हणत जायची. शूलपाणीच्या झाडीतून येताना त्यांना पार लुटलेलं असायचं, अंगावर लंगोटी आणि हातात कमंडलू, आणि तरी गात यायची. शाळेच्या पडवीत रात्री मुक्कामाला असायची. "पण हे वाजंत्री जरा निराळं शे," ते म्हणाले. "चांगलं शे."

चांगलं म्हणणारा तो त्यांचा आवाज मला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा ऐकू आला होता.

हा रॉक आहे का, हा वाद आमच्याकडे वर्षभर चालला. कुडाळचं म्हणणं, ज्यात डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, नाही तो रॉक नाही. सुस्मितची गिटार अकूस्टिक, तबला आहे, लोकगीतं आहेत, मग हे फ्यूजन म्हणा. अकोला म्हणायचा, ज्यानं अंगावर काटा येतो ते रॉक. या वादाचा निकाल कुडाळनं स्वतःच लावला. तो गिटारच्या खालच्या सुरांच्या तारांवर राहुल रामचा बेस बसवायच्या मागे लागला. रोज संध्याकाळी अर्धा तास, दाराच्या उंबऱ्यावर बसून. पहिल्यांदा त्यानं ती ढिली तार बदलली. तीन-चार आठवड्यांनी म्हणाला, या माणसाचा बेस मागे उभा राहत नाही, तो गाण्याला खांद्यावर घेऊन चालतो, आणि हे काम रॉकमध्येच चालतं. माझंही मत तेच आहे. एखाद्या गाण्याला रॉक म्हणायचं की नाही हे वाद्यांवरून ठरवू नये. चार माणसं एकमेकांचं इतकं लक्ष देऊन ऐकतायत आणि तरीही कुणी आवाज दाबून वाजवत नाही, हे ज्या रेकॉर्डवर ऐकू येतं ती माझ्या लेखी पूर्ण रॉक आहे. 'लीव्हिंग होम' ऐका. शब्द नाहीत. सुस्मितची गिटार धावत सुटते आणि बाकी तिघे तिला कुठेही एकटं पडू देत नाहीत.

वीज गेली की सेलवर टेप चालवायचो. सेल उतरायला लागले की गाणं जड होत जायचं, सूर खाली बसायचे, 'कंदिसा' आठ मिनिटांची दहा मिनिटं चालायची. लातूरला ती तशीच आवडायची. तो पहाटे चारच्या सुमारास जागा व्हायचा, रोज, गजर नसताना. उतरलेल्या सेलवर अगदी बारीक आवाजात गच्चीवर ती लावून बसायचा. मी एकदा पाणी भरायला उठलो तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानं सांगितलं तेव्हाच मला कळलं. त्याचं गाव किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. घराच्या दगडी भिंती आणि मातीचं धाबं. आजोबा आणि धाकटी बहीण. त्यानं दोनच वाक्यं सांगितली, मी तिसरं विचारलं नाही. म्हणून तो छपराखाली झोपत नसे. पुढे घर सोडेपर्यंत पहाटेचं पाणी भरायची पाळी मी कुणाशी अदलून-बदलून बऱ्याचदा माझ्याकडे घेत राहिलो. दोघे बसायचो, फार बोलायचो नाही.

बाकी दिवस मात्र नुसते हुंदडण्याचे होते. शनिवारी संध्याकाळची पीएमटी पकडून सिंहगडाच्या पायथ्याला जायचं आणि रात्री चढायचं. त्या कॅसेटवर 'हिले ले' नावाचं गाणं आहे, गोरख पांडे या कवीची भोजपुरी कविता. जनतेची पलटण येते आहे आणि सगळी दुनिया गदागदा हलते आहे, असा तिचा आवेश. चढाला ते गाणं फार सोयीचं. सांगली पुढे चालत ओळ टाकायचा आणि मागून आम्ही चौघं 'हिले ले' म्हणून ओरडायचो. दम लागला की ओरडणं मोडायचं, मग थांबायचो, खाली पुण्याचे दिवे बघायचो. सकाळी गडावर पिठलं-भाकरी, कांदा, ठेचा आणि मडक्यातलं दही. उतरताना कुणाच्याही पायात जीव नसायचा. सोमवारी सबमिशन असायचं, आणि ते व्हायचंही.

आणि रविवारच्या संध्याकाळी. वातीचा एक स्टोव्ह, दोन पातेली, एक तवा. आधी आम्ही मॅगी आणि अंडा-भुर्जीवर दिवस काढले. पण ती गच्चीवरची रात्र झाल्यावर हळूहळू प्रत्येकाच्या पिशवीतून घरचं निघायला लागलं. मी नंदुरबारच्या मिरच्या आणि कळण्याचं पीठ आणलं. वांगी थेट स्टोव्हवर भाजून भरीत केलं तेव्हा खोलीभर धूर झाला आणि सांगली रडत रडत जेवला. अकोल्यानं पाटोडीची रस्सा भाजी केली. सांगलीची आई सुकं मटण डब्यात भरून एसटीनं पाठवायची, कंडक्टरच्या ताब्यात. आम्ही स्वारगेटला जाऊन उतरवून घ्यायचो. कुडाळनं एकदा सुकट भाजली आणि तो वास जिन्यानं खाली गेला. मालक काका वर आले. आम्ही पाचही उभे राहिलो. काकांनी तव्याकडे पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खिडक्या उघडा, आणि पुढच्या वेळी काकू देवळात गेल्यावर करा." त्यानंतर सुकटीचा वार गुरुवार झाला.

त्या स्वयंपाकात आपोआप ज्याची भाजी त्याची भाषा असा नियम पडला. अकोला करत असेल तेव्हा सगळ्यांनी 'मले', 'तुले'. कुडाळ करत असेल तेव्हा 'माका', 'तुका'. आम्ही एकमेकांची बोली वाईट बोलायचो, चुका करायचो, आणि ज्याची असेल तो शिक्षकासारखा सुधारून द्यायचा. सांगली आजही मला "कसा शे भाऊ" असंच म्हणतो, आणि त्याचा 'शे' अजून चुकतो, थोडा जास्तच लांबतो.

२००३ च्या मे महिन्यात शेवटचा पेपर झाला आणि आठ दिवसांत घर रिकामं झालं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांची घरं तशीच रिकामी होतात. टेप लातूरचा होता, तो घेऊन गेला. कॅसेट त्यानं माझ्या बॅगेत टाकली, "तुझ्या नदीची आहे" म्हणून.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेला. मी तेव्हा चाकणला नोकरीला होतो. बातमी अकोल्यानं फोन करून सांगितली. आम्ही पाच जणांनी एकदा तरी त्याला समोर बसून ऐकायचं ठरवलं होतं, दर वर्षी ठरवत होतो. कुणाची डिलिव्हरी, कुणाची बदली, कुणाचं घराचं काम. तबला वाजवत गाणारा तो माणूस मी कधीच प्रत्यक्ष पाहिला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वर्षी या बँडवर एक माहितीपट आला, त्यात दिल्लीच्या करोल बागेतलं ते जुनं घर दिसतं जिथे बँड वर्षानुवर्षं तालमी करायचा. पोपडे आलेल्या भिंती, चहाचे कप, जमिनीवर वायरींचा गुंता. मी तो एकटाच बसून पाहिला आणि मधूनच थांबवला. डहाणूकरची ती खोली तशीच होती. म्हणजे ज्या घरातून हे गाणं निघालं आणि ज्या घरात आम्ही ते ऐकलं, ती दोन्ही एकाच जातीची होती.

सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटर. त्या हिवाळ्यात दादा म्हणाले, एकदा जाऊन येऊ. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात. पण आता चालायची गरज नव्हती, धडगावच्या पुढे पाण्यापर्यंत गाडी जाते आणि तिथून बोट मिळते. टेकड्यांची डोकी तेवढी पाण्याबाहेर होती. इंजिनाचा फटफट आवाज. दादा बोट धरून बसले होते आणि एका ठिकाणी त्यांनी बोटवाल्याला हातानं थांब म्हटलं. इंजिन बंद झालं. खाली ती वाळू होती. किती खाली, कोण सांगणार.

फोनमध्ये गाणं होतं. मी लावणार होतो, पण त्याआधी दादांनीच गुणगुणायला सुरुवात केली. कॅसेटवरची चाल नव्हती. जुनी, परिक्रमेवाल्यांची असावी, अधिक ओबडधोबड आणि लांब. आवाज कापत होता. मी फोनवर ते रेकॉर्ड केलं, मिनिटभराचं.

पाण्यावर रेंज नव्हती. परतताना धडगावला आली तेव्हा मी ते 'मेस बंद'वर टाकलं. गाडी घाट उतरायला लागली. उत्तरं यायला लागली. लातूरचं, "आलाय बघ." सांगलीचं, "आलाय की!" अकोल्याचं नुसतं, "ऐकून राह्यलो." आणि कुडाळचं.

दादा खिडकीतून बाहेर बघत होते. न वळता म्हणाले, "तुन्या दोस्तेसले आयकू उनं का?"

मी कुडाळचं वाचून दाखवलं. "आवाज इलो."

"इलो म्हंजे?"

"उना," मी सांगितलं.